उजव्या चाकाचा नट

दुपारचे चार वाजून दहा मिनिटं झाली होती आणि ओळंबा खड्ड्यात उभा राहून एका टॅक्सीच्या पुढच्या चाकामागचा नट आवळत होता. डोक्यापासून वीतभर वर टॅक्सीचं पोट. खड्ड्याच्या काठावर, स्क्रीनसमोर बसलेल्या बाई आकडे वाचत होत्या.

"अजून जरा आत... अजून... बस! डावं हिरवं झालं."

"डावं आवळलं," तो खालून म्हणाला.

"डावं आवळलं," बाईंनी वरून परत म्हटलं.

चाकांचं अलाइनमेंट करणाऱ्या या वर्कशॉपची ही रीतच आहे. चाकाचा कोन जुळला की त्यामागच्या स्टीअरिंगच्या दांड्यावरचा लॉकनट आवळायचा, तसं मोठ्यानं सांगायचं, वरच्यानं ते परत म्हणायचं आणि मगच दुसऱ्या चाकाला हात लावायचा. ओळंबा हे नाव त्याला इथल्याच लोकांनी ठेवलेलं. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं दिसलं तरी हातातलं काम टाकून ते सरळ करणारा माणूस. त्याला दुसरं कुठलं नाव शोभलंही नसतं.

टॅक्सीच्या उजव्या चाकाशी आल्यावर मात्र तो थबकला. तासाभरापूर्वी इथंच व्याह्यांची गाडी उभी होती. तिचा उजवा नट आवळल्याचं त्याला आठवेना.

मुलीच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ती सासू-सासऱ्यांबरोबर दोन दिवस माहेरी आली होती. परत निघताना गाडी डावीकडे ओढते असं व्याही सहज म्हणाले आणि ओळंब्यानंच आग्रह केला, की पाच मिनिटांचं काम आहे, जाता जाता करून देतो. काम चालू असताना व्याही खड्ड्याच्या काठाशी येऊन गप्पा मारू लागले. आता मुलीच्या सासऱ्याशी त्यांच्या बुटांकडे बघत कसं बोलायचं? त्यानं पाने खाली ठेवले, वर आला, हात पुसले, चहा मागवला. चहा झाल्यावर तो पुन्हा खाली उतरला तो हत्यारं गोळा करायला. एवढं त्याला स्वच्छ आठवत होतं. मधलं सगळं कोरं.

"बाई, मघाच्या गाडीला मी उजव्याचं आवळलं म्हणालो होतो का?"

बाईंनी स्क्रीनवरून मान वळवली. "डाव्याचं म्हणालात. उजव्याचं मी ऐकलं नाही. पण तुमचे व्याही तेव्हा माझ्या लग्नाचं विचारत होते, त्यामुळे मी काहीच नीट ऐकत नव्हते."

"मग गाडी उतरवलीत कशी?"

"तुम्ही हात करून पाठवलीत. घरची गाडी, मी काय बोलणार?"

नट ढिला राहिला म्हणून चाक लगेच निखळत नाही, हे ओळंब्याइतकं कोणाला माहीत असणार. दांडा आट्यांमध्ये हळूहळू फिरतो, कोन बिघडतो, टायर झिजतात. बहुतेक वेळा एवढंच. पण आटे खाल्ले जाऊन दांडा सुटलेली एक गाडीही त्यानं पाहिली होती. ती टो करून आणली होती आणि तिची दोन्ही पुढची चाकं दोन दिशांना बघत होती. व्याह्यांच्या वाटेत उताराचा रस्ता होता. मागच्या सीटवर मुलगी होती.

व्याही गाडी चालवताना फोन उचलत नसत. त्यानं मुलीला लावला.

"कुठं आहात?"

"पेट्रोल पंपावर, उताराच्या अलीकडे. का हो बाबा? अप्पा तर म्हणतायत, गाडी लोण्यासारखी चाललीय."

अप्पा म्हणजे तिचे सासरे. नट घट्ट निघाला तर घाबरट बापावरून मुलीला सासरी पुढं वर्षानुवर्षं टोमणे ऐकून घ्यावे लागणार होते. आणि नाही निघाला तर?

"गाडी तिथंच ठेवायला सांग. मी येतोय."

"मी सांगू? अप्पांना?" तिचा आवाज एकदम खाली आला. "काय झालंय म्हणून सांगू?"

"तुझ्या बापाच्या हातून चूक झाली असेल म्हणून सांग."

टॅक्सीवाल्याकडे न बघता त्यानं दोन पाने पिशवीत टाकले आणि स्कूटर काढली. सगळ्या वाटेवर तो समोरून येणाऱ्या माणसांचे चेहरे बघत होता. पुढं काही घडलं असेल तर ते त्या चेहऱ्यांवर दिसेल, असं त्याला वाटत होतं.

गाडी पंपाच्या हवेच्या मशीनजवळ उभी होती. विहीणबाई काच खाली करून म्हणाल्या, "काय हो, आमच्याशिवाय करमेना वाटतं?" मुलगी बाहेर उभी होती. ती हसली नाही.

व्याह्यांना स्टीअरिंग पूर्ण फिरवून धरायला सांगून ओळंबा सिमेंटवर आडवा झाला आणि चाकामागं हात घातला. नट पाना न लावताच बोटांनी फिरला.

"घट्ट आहे ना?" व्याह्यांनी वरून विचारलं. "उगाच जिवाला घोर लावून घेतलात."

हो म्हणणं सोपं होतं. पाना हातात होता, कोणाला काही दिसत नव्हतं. पण दांडा किती फिरलाय हे मशीनशिवाय कळणार नव्हतं आणि पुढं उतार होता.

"ढिला होता," तो म्हणाला. "माझ्याकडून राहिला. आत्ता आवळतो, पण कोन हलला असेल. उतारावर नेऊ नका, मागं फिरवा."

विहीणबाईंनी काच वर घेतली.

व्याही खाली वाकले. "चहाच्या वेळी का?"

"हो."

"मग मीच तुम्हाला वर बोलावलं."

"नाही हो. आलो मीच."

मुलगी गाडीत बसायला गेली. व्याह्यांनी तिला थांबवून स्कूटरकडे बोट केलं. "तू बापाबरोबर ये. आणि त्यांना सांग, हळू चालवा म्हणावं, रंग उडालाय त्यांचा."

गाडी चाळिसाच्या पुढं गेली नाही. तिच्या मागं स्कूटरवर ओळंबा होता, पुढच्या उजव्या चाकावरून नजर न हलवता. मुलीनं दोनदा काहीतरी विचारलं, ते त्याला ऐकू आलं नाही.

पोचेपर्यंत वर्कशॉपचं शटर खाली आलं होतं. बाई टॅक्सीचं उरलेलं काम उरकून घरी गेल्या होत्या. जाताना त्यांनी उद्याच्या पाटीवरची पहिली गाडी पुसून व्याह्यांच्या गाडीचा नंबर लिहिला होता. वेळ सकाळी साडेआठची.