ज्वारीच्या प्रथिनाचं बारसं

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते, की आमच्या सांगलीच्या कॉलेजात प्रथिनांची बारशी होत असत. हसू नका! आत्या म्हणून वनस्पतिशास्त्राच्या बाई उभ्या राहत आणि आत्याच्या पाठीत गुद्दे घालायचा मान शेजारच्या भौतिकशास्त्राचा, म्हणजे माझा.

रोपाची पेशी वाढून एकीच्या दोन होतात. त्यात कधी थांबायचं, कधी पुढं सरकायचं, हे सायक्लिन नावाची प्रथिनं ठरवतात. त्यांची ए, बी, डी अशी घराणी. ज्वारीतली सायक्लिनं निवडून ज्याला त्याला आपल्या घरी पोचवायचं, हा बाईंचा उद्योग. बाई जतच्या, मेंढपाळाच्या घरातल्या. विद्यार्थ्यानं घाईनं नाव सुचवलं, की चष्मा कपाळावर चढवून म्हणत, "आदी गोत बघ रं, मग नाव."

गोत जुळलं, की बाई संगणकाशी वाकून, जिथं त्याचा कान असावा तिथं, "कुर्रर्र" करून नाव सांगत. आणि मी गुद्दे.

बाईंच्या निवृत्तीच्या वर्षी एक प्रथिन कुठल्याच घराण्यात बसेना. म्हणजे नवं घराणं! आणि नाव ठेवणार आमच्या बाई; पुढं जगभर तेच चालणार. मी साताऱ्याहून कंदी पेढे आणले. आमचे शिपाई, आष्ट्याचे मामा, त्यांनी दोन्ही हातांनी उचलले. गुद्दे मी जरा जोरातच घातले.

घोषणा साताऱ्याच्या चर्चासत्रात व्हायची होती. मामांना घेऊन मी पुढच्या रांगेत बसलो. बाई उठल्या. चष्मा कपाळावर.

"नवं घराणं सांगायला येणार होते," त्या म्हणाल्या. "पण माझ्यापाशी या प्रथिनाचं अर्धंच अंग होतं. काल पुरं हाती आलं. हे डीच्याच घरचं लेकरू आहे. मी ठेवलेलं नाव मागे घेते."

बोलल्या नसत्या, तर त्या सभागृहात कुणाला पत्ता लागला नसता. मी शेजारच्या अनोळखी प्राध्यापकांचा दंड धरून सांगितलं, "या आमच्या बाई!"

आता बाई जतला असतात. त्यांच्या बंद खोलीवरून जाताना माझे हात अजून शिवशिवतात.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलंच. टाळ्या वाजवाव्यात की हळहळावं, कुणालाच कळेना. तेवढ्यात मामा ताडकन उठले आणि ओरडले,

"आवं बाई, पन पेढं तर खाऊन बसलोय की आमी!"