जिन्याच्या पडद्यापुढची बाई

वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताबरोबर नागपुराहून चाले, त्या दिवसांत मी जानेफळला मास्तर होतो आणि जुना फोटो कोणत्या सालचा ते ओळखायचा मला नाद होता. मागल्या शतकात खामगावात एक फोटोग्राफर दुकान मांडून बसला होता. आसपासच्या खात्यापित्या घरांत त्याचेच फोटो. सुटी लागली की मी पार पिंपळगाव राजापर्यंत हिंडून ते मागून पाही. लोक म्हणत, मास्तरले मेलेल्याइचं वय काढाचं खूळ लागलं. म्हणोत बापडे.

त्या दुकानाची चाल मला हळूहळू कळली. मोठ्या दुष्काळाआधीची माणसं साध्या चादरीपुढे बसलेली असत. दुष्काळ सरल्यावर मागे रंगवलेला पडदा आला, त्यावर राजवाड्याचा जिना. त्याच सुमारास पुठ्ठ्यामागे फोटोग्राफरच्या नावापुढे ‘आणि चिरंजीव’ छापलं जाऊ लागलं. ज्या ज्या फोटोतल्या माणसाचं लग्न कधीचं ते घरच्यांना ठाऊक होतं, तिथे तिथे हा ताळा जमला. माणसं गेली, घरं बदलली, आणि एक मुका पडदा सगळं सांगतो, याचं मला दर वेळी नवल वाटे.

गावात वडिलांची चुलत बहीण होती. आम्ही तिला आत्याच म्हणायचो. दुष्काळाच्या आदल्या वर्षी ती जन्मली आणि त्या बाळंतपणातच तिची आई गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं. त्या सावत्र आईला आत्या जन्मभर ‘नवी बाई’ म्हणाली, माय कधीच नाही. तीही आत्याच्या लहानपणीच गेली, तिचा चेहरा आत्याच्या आठवणीत उरला नव्हता. वडील वारल्यावर त्यांच्या पेटीत एका तरुण बाईचा पिवळा पडलेला फोटो निघाला. आत्यानं तो माय म्हणून देवाजवळ लावला आणि रोज त्याला फूल वाहिलं.

एका लग्नात कोणी नातेवाइकीण बोलून गेली, ते फोटोतली तं तुही सावत्र माय. आत्या फोटो पदराखाली घेऊन माझ्याकडे आली.

“मले एवढंच सांग, हे माही माय हाये का नवी बाई?”

मी काच काढली. मागे जिना. पुठ्ठा उलटला, तर ‘आणि चिरंजीव’. हा फोटो निघाला तेव्हा तिची आई जाऊन दोन-अडीच वर्षं तरी झाली होती. माझ्या विद्येचा मला त्या क्षणी मनापासून राग आला.

“सांग ना, मांगं काय लिवलं हाये?”

“आत्या, हा दुष्काळानंतरचा फोटो आहे,” मी म्हणालो.

ती समजली. रडली नाही. “आन ते भिंग इकडे. तोंड तं पाहू दे नीट.”

तिनं भिंग चेहऱ्यावर धरलं, मग खाली सरकवलं, आणि हात तिथेच थांबला. मी वाकून पाहिलं. बाईच्या गळ्यात, पदराच्या वर, ठसा उमटवलेल्या पत्र्याचा एक छोटा टाक होता. दुसरेपणावर आलेली बाई मेलेल्या सवतीच्या नावाचा असा टाक गळ्यात घालते, ही आमच्याकडची रीत. त्यावर बाईची बारीक आकृती, सोनाराच्या ठशातून निघालेली, सगळ्या टाकांवर असते तशीच.

“हा म्या लहानपणी पाह्यला हाये,” आत्या म्हणाली. “तिच्या पोलक्याच्या आत राहे. कोणाले दिसू नाही देये ते.”

फोटोसाठी मात्र तिनं तो बाहेर काढला होता. आयुष्यात बहुधा एकदाच यंत्रापुढे बसलेली ती पोर, आणि बसताना तिला हे सुचलं. एवढे पडदे आणि पुठ्ठे पाहिले, पण असं काही मी पाहिलं नव्हतं.

आत्यानं काच पदरानं पुसून फोटो पुन्हा चौकटीत बसवला.

“नवी बाई...” ती म्हणाली, आणि थांबली. मग म्हणाली, “माय माह्या मायले गळ्यात घेऊन बसली हाये.”