चौथी पट्टी

लिफ्टमनचा पगार सात मजल्यांच्या ऑफिसात वर-खाली करण्याचा. पण स्वतःच्या मते तो संगीतकार होता, आणि त्याचा स्टुडिओ खिशात होता. त्याच्या पहिल्या मोबाईलवरच्या गाणी बनवायच्या ॲपमध्ये चारच पट्ट्या होत्या, एका पट्टीत एक आवाज. तीन पट्ट्यांत त्याने पडद्यावर बोटाने ठेका, पेटी आणि बासरी भरली. चौथीत ताई.

ताई म्हणजे थोरली बहीण. ती त्याच इमारतीत तळमजल्यावर टेलिफोनवर बसायची. एका रविवारी त्याने रिकाम्या इमारतीत लिफ्ट सातव्या मजल्यावर थांबवली, दार लावलं, पंखा बंद केला आणि तिला गायला लावलं. घामाने निथळत ताईने दोन कडवी म्हटली.

"झालं का समाधान?"

"जरा ठेका सुधारतो, मग पक्कं करतो."

पक्कं करणं म्हणजे सगळ्या पट्ट्या मिसळून एकच गाणं बनवणं. एक बटण दाबायचं काम. ते या पठ्ठ्याने अकरा वर्षं दाबलं नाही. चाराच्या आठ पट्ट्या झाल्या, मग हव्या तितक्या, मग ॲप स्वतःच ढोलकी वाजवू लागलं. दर नव्या सोयीला याचं नवं काहीतरी. नमनालाच घडाभर तेल.

"अरे, मी म्हातारी होण्याआधी ऐकवशील ना?" ताई विचारायची.

मग तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला.

दवाखान्याच्या बाकावर बसून त्याने गाणं उघडलं. चार महिन्यांपूर्वीच त्याने जुना फोन देऊन नवा घेतला होता. ठेका, पेटी, बासरी सगळं नीट वाजलं, कारण ते सूर ॲपचेच होते, ते पुन्हा जुळवता येत होते. ताईचा आवाज मात्र खरा होता. तो जुन्या फोनमध्येच राहिला. चौथी पट्टी करडी पडली होती: फाईल सापडली नाही.

तो दुकानात धावला. "काका, तो फोन कधीच पुसून पुढे विकला गेला," दुकानदार म्हणाला. ॲपवाल्यांना लिहिलं, तर आभाराचं उत्तर आलं. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय!

घरी आल्यावर ताईने पाटीवर लिहिलं, "आता तरी लाव." सांगायचं म्हणून त्याने तोंड उघडलं, पण धीर झाला नाही. त्याने गाणं लावलं.

पेटी सुरू झाली. ताईच्या बोटांनी गादीवर ठेका धरला. कडवं सुरू होण्याच्या जागी तिने बरोबर मान वर केली आणि वाट पाहिली. बासरी एकटीच वाजत राहिली. लिफ्टमन फोनकडे बघत बसला.

तिने पाटी पुसली, पुन्हा लिहिलं आणि त्याच्यापुढे धरली.

"आवाज वाढव. मी ऐकू येत नाहीये."

त्याने वाढवला.