शेवटी जेवणारा मुकादम

मला लिहायची सवय नाही, आणि हे नीट जमेल असंही वाटत नाही. पण नागनाथ खिल्लारे वारले, तेव्हा भेटायला आलेले लोक म्हणत होते, "काय दरारा होता हवालदाराचा!" ते ऐकून मला इतका वैताग आला की कागद घेऊन बसलो.

वालूरच्या रस्त्याला तेव्हा एक जिनिंग होती. रुई दाबून गाठी बांधायच्या आणि हमालांच्या टोळीनं त्या ट्रकमध्ये चढवायच्या. मी काट्यावर वजन करायला होतो. नामांतराच्या दंगलीला दोन-तीन वर्षं झाली होती. टोळीत निम्मे गावातले मराठा, निम्मे बौद्ध वस्तीतले. गाठ उचलताना सगळे खांद्याला खांदा लावायचे. भाकर सोडताना मात्र लिंबाच्या झाडाच्या एका अंगाला हे आणि दुसऱ्या अंगाला ते. बोलणं कामापुरतं.

अशा टोळीवर मॅनेजर व्यंकटरावांनी नागनाथांना मुकादम केलं. नागनाथ वस्तीतलेच, पलटणीतून हवालदार होऊन पेन्शनीवर आलेले. मिलिटरीचा माणूस दोन्हीकडच्यांना दाबात ठेवील, असा व्यंकटरावांचा विचार. त्यांनी नागनाथांना लिंबाखाली बसायला खाट दिली आणि हातात काठी दिली.

नागनाथांनी काठी काट्याजवळच्या माझ्या खोलीच्या कोपऱ्यात उभी केली. खाटेवर हमालांना सदरे ठेवायला सांगितलं. पहिली गाठ त्यांनी स्वतः धरली. गाठीच्या लोखंडी पट्टीनं हात कापतात, म्हणून रोज काम सुरू व्हायच्या आधी ते प्रत्येकाला तळहात दाखवायला लावायचे. कापलेला दिसला तर त्याला त्या दिवशी सरकीची पोती शिवायला बसवायचे, आणि त्याच्या जागी स्वतः उभे राहायचे. मागचा मुकादम शिवी दिल्याशिवाय बोलत नसे. थोड्याच दिवसांत माणसं आपणहून हात पुढे करायला लागली.

दुपारी ते सगळ्यांच्या शेवटी जेवायचे. प्रत्येकाच्या फडक्यात भाकर आहे की नाही, ते दोन्ही अंगांना फिरून बघायचे. सगळ्यांचं आटोपलं की मग आपलं फडकं सोडायचे.

"पलटणीत असंच असतंय, किशनराव," मला म्हणाले. "जवान जेवल्याबिगर साहेब ताटाला हात लावत न्हाई."

घरीही हाच हट्ट. मालनबाईंना म्हणायचे, दिवसभर राबतेस, तू आधी जेव. त्या म्हणायच्या, "नवऱ्याच्या आधी जेवू? बाया त्वांडात श्यान घालतील माझ्या!" दोघांचा वाद मिटेपर्यंत कालवण गार व्हायचं. हे ते हसून सांगायचे.

एक दिवस आश्रुबा काट्याजवळ टेकला होता. हा गावातल्या हमालांचा पुढारी, जिभेनं तिखट. पण त्या दिवशी तो मनापासून कौतुक करत होता.

"आपला मुकादम लय समजूतदार हाय, किशनराव. आपलं आटपल्याबिगर भाकर सोडत न्हाई. वस्तीतल्या समद्यायला अशी पायरी कळाली असती तर दंगल कशाला झाली असती?"

पाठीमागे वस्तीतला भगवान उभा होता. त्यानं हातातला गाठी ओढायचा आकडा जमिनीवर आपटला आणि तडक नागनाथांकडे गेला.

"तात्या, तीन फिती लावून आलात, अन् ह्यांचं जेवण व्हायची वाट बघत बसता?"

"अरे, ही पलटणीची रीत हाय. साहेबबी शेवटीच जेवतो."

"तिथं साहेब हाय म्हणून शेवटी जेवतो. हितं शेवटी जेवणाऱ्याला काय समजतेत, ते तुमाला म्या सांगू व्हय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला बसल्यावर ते मधोमध उभे राहिले.

"ऐका. मी शेवटी जेवतो ते कुणाला भिऊन न्हाई. ही टोळी माझ्या हाताखाली हाय. हाताखालचा माणूस उपाशी ऱ्हाऊ नये, म्हणून मी शेवटी."

आश्रुबाचा घास तसाच राहिला. "म्हंजी आमी तुमच्या आधी जेवलो, तर तुमी आमचे साहेब?"

"व्हय."

"मग उद्यापसून तुमी आधी जेवा, साहेब."

दुसऱ्या दिवशी कुणीच फडकं सोडलं नाही.

"जेवा की, हवालदार," आश्रुबा म्हणाला. "आमी थांबलोय."

"आमीबी थांबलोय, तात्या," पलीकडून भगवान म्हणाला. "आज तुमी आधी."

नागनाथ दोन्हीकडे बघत राहिले. "एरवी तुमचं एका गोष्टीवर जमत न्हाई. मला आधी खाऊ घालायचं मातर बराबर जमलं रे!"

एकदोघे हसले, पण फडक्याची गाठ कुणी सोडली नाही. मलाही काट्यावरून ओरडावंसं वाटत होतं, अरे गड्यांनो, खा की! ओरडलो नाही. माझं कोण ऐकणार? भोंगा झाला आणि सगळी टोळी उपाशी उठली. पुढच्या दिवशीही तेच. त्या दुपारी रिकाम्या पोटी लावलेली रुईची गाठ ट्रकच्या फळीवरून घसरली. भगवानचा पाय वीतभर अंतरानं वाचला.

व्यंकटराव धावत आले. माझ्या खोलीतली काठी त्यांनी उचलली आणि नागनाथांच्या हातात कोंबली.

"तुला माणसं हाकायला ठेवलंय, का पंगतीला वाढायला? आत्ताच्या आत्ता जेव. न्हाईतर उद्या मागचा मुकादम परत आणतो, मग बसा त्याच्या शिव्या खात!"

नागनाथांनी भगवानच्या पायाकडे बघितलं. मग खाटेवरचे सदरे हळूच बाजूला सारून बसले, आणि भाकर मोडली. सगळे बघत होते. कोरडा घास त्यांनी कितीतरी वेळ चावला. त्यानंतर दोन्ही अंगांना फडकी सुटली. आश्रुबाला वाटलं आपण जिंकलो, भगवानलाही तसंच वाटलं.

पुढे ते रोज आधी जेवले, खाटेवर बसून, काठी जवळ ठेवून. टोळी एकदम सरळ चालायला लागली. व्यंकटराव खूश. लोक ज्या दराऱ्याचं बोलतात, तो हाच. सकाळी तळहात बघणं मात्र नुसतं नावाला राहिलं. माणसं हात लांबून दाखवायची आणि लगेच मुठी मिटायची.

काही आठवड्यांनी एका गाठीच्या कापडावर रक्ताचे डाग दिसले. आश्रुबाच्या मुठीत चिंधी होती, हात चांगलाच चिघळलेला.

"मला का सांगितलं न्हाई?" नागनाथांनी विचारलं.

"मुकादमाला कोण सांगतंय?" आश्रुबा खाली बघून म्हणाला.

होळीला नागनाथांनी काठी व्यंकटरावांच्या टेबलावर ठेवली आणि काम सोडलं.

पुढे एका बाजाराच्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. ते आत जेवत होते. मालनबाई दारात बसल्या होत्या.

"आता बरं हाय म्हणायचं," त्या म्हणाल्या. "ताट वाढलं की गुमान जेवतेत. तू आधी जेव म्हणून भांडत न्हाईत."

एवढं बोलून त्यांनी आत बघितलं, आणि पदर तोंडाला लावला.