टाचा टेकल्या

आधीच माफी मागतो. मी डॉक्टर नाही, लेखक तर नाहीच. फिजिओथेरपीचा इंटर्न आहे. वडील वाळूजला कंपनीत, घर बजाजनगरला, आणि घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. मोठ्या माणसांनी लिहावं अशा ऑपरेशनबद्दल मी लिहितोय, याचा संकोच वाटतो. पण अयानबद्दल दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही.

चिकलठाण्याच्या एका मंगल कार्यालयात एका संस्थेचं शिबिर होतं. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांची तपासणी आणि नंतर मोफत ऑपरेशन. मी तेव्हा तिसऱ्या वर्षाला. मुलांना टेबलावर झोपवायचं, पाय धरायचे, हे माझं काम.

सेरेब्रल पाल्सी म्हणजे जन्माच्या सुमारास मेंदूला झालेली इजा. मेंदूकडून पायांना नीट हुकूम जात नाहीत, स्नायू आखडून बसतात. पिशोर गावचा अयान त्यामुळे चवड्यांवर चालायचा. चालायचा कसला, पळायचा.

"टाच का टेकत नाहीस रे?" मी विचारलं.

"मेरी एडी को जमीन की अ‍ॅलर्जी है, सर."

त्याचे वडील रफिकभाई हसले नाहीत. जळालेल्या पंपाच्या मोटारींचं वायंडिंग नव्यानं भरून द्यायचं त्यांचं दुकान. म्हणाले, "सर, नमाजला रांगेत टाचेला टाच जुळवून उभं राहतात. ह्याची टाच वरच. बाजूची पोरं हसतात. तेवढं करा. बाकी लई चलाख हाय. चौकातून किटली घेऊन येतो, थेंब सांडत नाय."

मी पुस्तकातली तपासणी केली. पोटरीत दोन स्नायू असतात. वरचा गुडघ्याच्या वरून निघतो, आतला गुडघ्याखालून. दोघांची मिळून एकच दोरी टाचेला लागते. गुडघा वाकवला की वरचा सैल पडतो. अयानचा गुडघा वाकवला तर पाऊल सहज वर आलं. सरळ केला तर अडलं. म्हणजे आखडला होता फक्त वरचा. सैल करायचा तर तेवढाच. आतला स्नायू उभं राहताना नडगीला मागून धरून ठेवतो. टाचेची अख्खी दोरी लांबवली की तोही ढिला पडतो, नडगी पुढं कलते आणि गुडघे वाकत जातात.

शहराबाहेरून आलेले सर्जन सर टेबलाशी आले. मी धीर करून म्हणालो, "सर, गुडघा वाकवल्यावर पाऊल वर येतंय."

"कितव्या वर्षाला?"

"तिसऱ्या, सर."

"बाहेरची रांग बघितली का? नेक्स्ट."

नंतर आमच्या कॉलेजच्या मॅडम हळूच म्हणाल्या, "तुझं बरोबर आहे. पण शिबिरात दोरीच लांबवतात. कातडीला बारीक छेद दिला की काम होतं. वरचा स्नायू वेगळा काढत बसायला वेळ लागतो."

"मग तुम्ही सांगा ना, मॅडम."

त्यांनी पुढच्या मुलाचे बूट काढायला घेतले.

दोन्ही टाचांचं ऑपरेशन झालं. प्लास्टर निघालं त्या दिवशी अयानला उभं करून फोटो काढले. टाचा पूर्ण टेकल्या होत्या. टाळ्या वाजल्या. ईदला रफिकभाईंचा फोन आला. "सर, आज रांगेत बराबर! टाचेला टाच!" मलाही बरं वाटलं. वाटलं, पुस्तकच चुकलं असेल.

काही महिन्यांनी ते आमच्या ओपीडीत आले. अयानचे गुडघे वाकले होते, मांड्या थरथरत होत्या. अर्धवट खुर्चीत बसल्यासारखा तो चालत होता. दाराशी पोचेपर्यंत दमला.

"अ‍ॅलर्जी गेली का रे?" मी म्हणालो. काहीतरी बोलायचं म्हणून.

"अब घुटनों को हो गई," तो म्हणाला.

मॅडमनी नडगीला पुढून आधार देणारा कडक पट्टा दिला, व्यायाम शिकवले. रफिकभाई दुकान बंद ठेवून एसटीनं यायचे. व्यायामाचे व्हिडिओ मला रोज पाठवायचे. मूल वाढत होतं, पट्टा लहान पडत होता.

पुढच्या वर्षी त्याच शिबिरात ते परत गेले. मीही होतो.

सर म्हणाले, "घरी व्यायाम केले नाहीत तुम्ही."

रफिकभाईंनी माझ्याकडं बघितलं.

"केलेत, सर," मी म्हणालो. "रोजचे व्हिडिओ आहेत माझ्याकडं."

"मग हाइट वाढली, त्यामुळं. होतं असं." सर पुढच्या टेबलाकडं गेले.

बाहेर रफिकभाईंनी विचारलं, "सर, मी टाच मागितली म्हणून झालं का हे?"

"नाही हो," मी म्हणालो. टाच टेकणं आणि चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बापाला माहीत असायची गरज नव्हती. ज्यांना माहीत होतं ते घाईत होते.

पुढं व्हिडिओ येणं थांबलं. माझे दोन-तीन मेसेज गेले, उत्तर आलं नाही.

गेल्या आठवड्यात आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो आला. त्याच संस्थेचं नवं शिबिर, मोफत व्हीलचेअर वाटप. पहिल्या रांगेत अयान, गळ्यात हार. पाय ठेवायच्या फळीवर त्याच्या दोन्ही टाचा पूर्ण टेकलेल्या होत्या, अगदी एका रेषेत.