सावलीवर कोयता

मला राग लवकर येतो, आणि आला की हातात असेल ते समोरच्याच्या अंगावर जातं. कॉफीच्या त्या वर्षांत मी माकडांवर धोंडे फेकले, रानडुकराला पेटतं लाकूड मारलं, एकदा तर गव्यावर भरलेली कळशी भिरकावली. पण जनावरांनी काय नासवलं असेल ते असो, खरं संकट आमच्याच चुलीवर जेवत होतं.

लग्न झाल्यावर नवरा कुर्गात कॉफीच्या मळ्यावर मुकादमीला गेला. वर्षाकाठी पाहुण्यासारखा यायचा. मग एकदा पावसाच्या तोंडाशी तो रोपांनी भरलेल्या करंड्या घेऊनच आला. सावंतवाडीच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी आमचा सामायिक उतार होता. तिथल्या ऐनाच्या झाडांखाली त्याने कॉफी लावली, कारण कॉफीला ऊन सोसत नाही, डोक्यावर मोठ्या झाडाची सावली लागते. मला म्हणाला, "काफी धरली तर मी हंयच रवतलंय. नाय तर परत जातलंय."

मी गावदेवीसमोर हात जोडले. "आई, माझो घोव घराक रवांदे." नवरा घरी राहू दे, याखेरीज दुसरं काही मागितलं नाही. कॉफी मला आवडतही नव्हती, कडू काढा मेला! पण तिच्यासाठी मी उन्हाळेच्या उन्हाळे ओढ्याचं पाणी वाहिलं, खांदे सोलून घेतले. चौथ्या वर्षी फांद्यांच्या पेरापेरांत कळ्या आल्या.

थोरले दीर भातशेती करायचे. नवरा मळ्यावर असताना सगळी शेती त्यांनी एकट्याने ओढली होती, हे मी नाकारत नाही. भाताच्या रोपांचा तरवा पेरायच्या आधी जमिनीवर टहाळे पसरून जाळावे लागतात, आणि ते टहाळे सासऱ्यांच्या काळापासून त्याच ऐनांचे. कॉफी लावल्यापासून, तिची सावली तुटू नये म्हणून, नवरा लांबच्या रानातून टहाळ्यांचे भारे आणून देई. त्या वर्षी तो तापाने अंथरुणाला खिळला आणि भारे राहिले.

सकाळी उतारावर कोयत्याचे घाव ऐकू आले. आम्ही दोघं धावत गेलो तर दीर ऐनावर, आणि तोडलेल्या फांद्या धडाधड कॉफीवर पडताहेत. मी ओरडले, "भावजी, उतरा! पाया पडतंय तुमच्या."

"पोटाक भात लागता, काफी नाय!" वरून उत्तर आलं आणि मागोमाग आणखी एक फांदी.

नवरा तापातून नुकता उठलेला, तरी तो झाडावर चढला. त्याने भावाचा पाय धरून ओढला. दिरांनी शिवी हासडली, कोयता फिरवला. मुद्दाम की घाव चुकला, ते मला आजही ठाऊक नाही आणि जाणून घ्यायचंही नाही. नवऱ्याच्या उजव्या हाताची दोन बोटं खाली पडली. त्यांच्या मागोमाग तोही पडला.

दीर उतरले तशी मी फळं पाडायची आकडी त्यांच्या पाठीत घातली. पुन्हा घातली. आकडी मोडली. जाऊबाईंनी मागून येऊन माझे केस धरले, मी त्यांच्या दंडाला चावले, आणि आम्ही दोघी झिंज्या उपटत कॉफीवर लोळलो. उठले तेव्हा माझ्या लुगड्याला चिकटलेल्या कळ्या पाहिल्या. मग मला रडू आलं.

लुगडं फाडून नवऱ्याचा हात बांधला आणि त्याला बैलगाडीतून सावंतवाडीला नेलं. परत आलो तोवर उरलेल्या झाडांची पानं उन्हाने करपली होती. आमच्या सावलीचे टहाळे दिरांनी खाली शेतात पसरून जाळले, तो धूर घरात शिरला. तरवा मात्र हिरवागार उठला. त्या साली भात असं पिकलं की शेजारीपाजारी बघायला येत.

कॉफी गेली, पुन्हा कामावर येतो, असा नवऱ्याने कुर्गच्या मळ्यावर निरोप धाडला होता. उलट निरोप आला, तसल्या हाताचा माणूस नको.

म्हणजे तो राहिला. चूल एकच होती, वेगळं व्हायला पैसा नव्हता. नव्या तांदळाची पहिली पेज मी वाढली, आधी दिरांना, थोरले म्हणून, मग नवऱ्याला. त्याने डाव्या हाताने वाटी उचलली, अर्धी अंगावर सांडली. मी त्याची छाती पुसली आणि देवीची मला भीती वाटली. तिने माझं अक्षरशः ऐकलं होतं. त्यानंतर मी तिच्याकडे काही मागितलं नाही.