दत्तराव सरांचं बोट

परभणीच्या कोर्टासमोर, लिंबाखाली, दत्तरावांचा टाइपरायटर अख्ख्या रस्त्याला ऐकू जायचा. टकाटक टकाटक टिंग! वकिलाचं वाक्य तोंडात असतानाच यांची ओळ कागदावर उमटलेली. मग चष्म्यावरून बघत ते खणखणीत आवाजात म्हणायचे, "वकीलसाहेब, पुढं बोला, मी पोचलो!" चहावाल्या पोरापासून शिपाईमामापर्यंत सगळे त्यांची नक्कल करायचे.

पुढं कॉम्प्युटर आले अन् मशीन पोत्यात गेलं. त्याचं दुःख दत्तरावांनी पचवलं. पण मग उजवा हात थरथरायला लागला. तेव्हापासून तो हात सदऱ्याच्या खिशात. घरी त्यांच्या पत्नी दैवशालाबाई अर्धाच कप चहा देऊ लागल्या. बशी खुळखुळली की दोघंही ऐकूच न आल्यासारखं करायची.

एक दिवस दत्तराव रस्ता ओलांडून योगीराजच्या कॉम्प्युटरच्या दुकानात शिरले. योगीराज त्यांच्याच हाताखाली टायपिंग शिकलेला.

"योग्या, माणूस पाहिजे म्हणं तुला कामाला?"

"सर, तुमी? या की! पण... हात चालतो का आता?"

"चालतो? पळतो!"

दुकानात काम करणाऱ्या माधवीनं सगळ्या कोर्टाला एक खूळ लावलं होतं. दहा सेकंदांत माऊसचं बटण कोण जास्त वेळा दाबतो, ते कॉम्प्युटरवर मोजायचं. हळू दाबलं तर पडद्यावर कासव यायचं, जोरात दाबलं तर चित्ता.

"मंग सर, आधी आमची परीक्षा द्या," ती म्हणाली. "इथं योगीराजदादा पहिला हाय."

दत्तरावांनी हात बाहेर काढला. खांदे आवळले, दात आवळले, बोट दाबलं. टक्... टक्... टक्. पडद्यावर कासव आलं. खेळायला आलेले शिपाईमामा फिस्सकन हसले.

"असं चिडल्यावानी दाबू नका सर. मनगट टेकवा अन् हात सैल सोडा. वेग आपोआप येतो," माधवी म्हणाली.

चारचौघांत दत्तरावांनी हात कधी सैल सोडला नव्हता. आज सोडला.

अन् बोट सुटलं! टकटकटकटक! पडद्यावर चित्ता झेपावला.

"आयोव! दादा, गेलं तुझं राज्य!" माधवी ओरडली. शिपाईमामांनी जुनी नक्कल काढली, "वकीलसाहेब, पुढं बोला, मी पोचलो!" कितीतरी दिवसांनी दत्तराव मोठ्यानं हसले.

"सर, सोमवारपासून हीच खुर्ची तुमची," योगीराज म्हणाला.

दत्तरावांचं बोट अजून माऊसवरच होतं, अन् 'पुन्हा खेळा' हे बटण नेमकं पडद्यावरच्या बाणाखाली. आकडे शून्यापासून परत पळायला लागले.

"बास सर, जिंकलात की!" माधवी हसत होती.

आकडे पळतच होते.

"सर... थांबा की."

दत्तरावांनी डाव्या हातानं उजवा हात उचलला अन् खिशात ठेवला. खिसा हलत राहिला. माधवीचं हसू तोंडातच विरलं.

योगीराज बराच वेळ माऊस पुसत बसला. मग खाली बघूनच म्हणाला, "येत जा सर. कवाबी. बसायला."

"येतो की," दत्तराव म्हणाले अन् उठले.

दैवशालाबाई दारातच उभ्या होत्या. "काय म्हणला योगीराज?"

"पहिला आलो."

"मी म्हणलं नव्हतं का!" त्या लगबगीनं आत गेल्या. आनंदाच्या भरात त्यांनी कप काठोकाठ भरला अन् दत्तरावांपुढं ठेवला.

दत्तरावांचा हात खिशातच होता. चहावर साय धरली.

"अवो, निवायलाय की!"

"निवू दे," ते म्हणाले.